मागच्या भिंतीतलं दार

नकाशे काढणाऱ्या ऑफिसात त्यांना सगळे टेपकाकू म्हणत. पर्समध्ये एक वेळ रुमाल नसे, पण मोजायची टेप असेच. सव्वीस वर्षं काकूंनी दुसऱ्यांनी ठरवलेल्या इमारतींचे जिने काढले. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं.

जनावरांच्या दवाखान्याचं काम आलं, तेव्हा नकाशा साहेबांनी स्वतः काढला. दर्शनी भाग काचेचा, आत वीस पिंजरे, ऑपरेशनची खोली आणि मागे गाई-म्हशींची तपासणी. तिकडे जायला पाच फुटी बोळ. नकाशा साफ प्रत काढायला काकूंकडे आला. त्यांनी बोळाकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"साहेब, म्हैस वळणार कुठे?"

"कुठली म्हैस?"

"दवाखान्यात आलेली."

"काकू, म्हैस मागे ढकलता येते," साहेब म्हणाले आणि फोन घेतला.

काकूंना म्हशींमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी अर्धी रजा टाकली आणि घराजवळच्या गवळ्याला गाठलं.

"म्हैस मागे जात नाही, बाई," गवळी म्हणाला. "आमचे वडीलही जायचे नाहीत, पण ते निदान कारण सांगायचे."

जागेवर पायाची आखणी झाली होती; जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा होत्या. म्हशीला रेघ म्हणजे भिंत हे पटेल असं वाटेना, म्हणून काकूंनी गवंड्याकडून रेघांवर बांबू बांधून घेतले. साहेब आणि दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आखणी बघायला अकराला येणार होते. गवळ्याच्या म्हशीला पावणेअकराचं बोलावलं.

म्हैस शहाण्यासारखी बोळातून आत गेली.

"बघा, गेली की!" साहेब म्हणाले.

"आता बाहेर काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गवळ्याने दावं ओढलं. साहेबांनी दुरून हुर्र हुर्र केलं. म्हशीने थोडा विचार केला, मागची भिंत असणार होती तिथले बांबू मोडले आणि एक बांबू गळ्यात घेऊन रस्त्याला लागली. गवळी मागे पळाला.

साहेबांनी पायाशी पडलेला मोडका बांबू उचलून बाजूला ठेवला.

"माझ्या मते," डॉक्टरीणबाई त्या भगदाडाकडे बघत म्हणाल्या, "दार तिथेच हवं."

"मीही तेच म्हणणार होतो," साहेब म्हणाले.

संध्याकाळी काकूंनी भाजीत दोनदा मीठ घातलं. साहेबांची चारचौघांत शोभा झाली होती, आणि ती काकूंनीच केली होती.

"नोकरी आहे ना?" नवऱ्याने विचारलं.

"उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नकाशा त्यांच्या टेबलावर टाकला. "मागची बाजू तुम्हीच काढा. मला म्हशींसाठी वेळ नाही."

काकूंनी कोरा कागद ताणून बसवला. पहिली रेघ वाकडी आली. खोडली. दुसरी सरळ आली, आणि मग जेवणाची सुट्टी झाल्याचं त्यांना कुणी सांगेपर्यंत कळलं नाही.

दवाखाना सव्वा वर्षात उभा राहिला. उद्घाटनाला साहेब जनावरांच्या मनाविषयी वीस मिनिटं बोलले. काकूंनी टाळ्या वाजवल्या, मनापासून.

जनावरं पुढून येतात, मागून जातात. फक्त मागचं दार पूर्वेला आल्यामुळे सकाळी तपासताना डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांवर ऊन येतं. त्या सध्या टोपी घालतात.