आधणातलं मीठ

चांगुणामावशींनी आधण चाखल्याशिवाय आमच्या गल्लीत कुरडई पडत नसे. गहू भिजवा, वाटा, चीक काढा, ते सगळं तुमचं तुम्ही करा. पण मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी उकळायला लागलं की गच्चीवरून खाली हाक जायचीच, "मावशी, आधण आलं!" मग मावशी पदर खोचत जिना चढायच्या, पळीत पाणी घ्यायच्या, फुंकर मारून जिभेवर ठेवायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "आजून चिमूटभर." नाहीतर, "बास. ओता चीक." कुरडई वाळली की मीठ वर येतं, म्हणून आधण जरा अळणीच पाहिजे. पण जरा म्हणजे किती, ते मावशींनाच ठाऊक. आम्ही बाकीच्या नुसत्या ढवळायला.

मी अनिता. शिरूरला सून म्हणून आले तेव्हा आमच्यासारखी एक-दोन गच्चीची घरं सोडली तर ही गल्ली बैठ्या घरांची होती. आता कंपन्यांमुळं तीन-तीन मजले चढलेत, भाडेकरू कुठकुठले, आणि दुपारी लाईट गेली की अख्खी गल्ली एकदम कोकलते. उन्हानं जीव नकोसा होतो. टँकरच्या पाण्यावरून भांडणं होतात आणि माझं तोंड त्यात सगळ्यात पुढं असतं, नाही म्हणत नाही. पण खरं सांगू? वर्षातले माझे सुखाचे दिवस हेच. सकाळी ऊन कोवळं आहे तोवर गच्चीवर जुनी साडी अंथरायची, गरम चिकावर कच्चं तेल सोडून वाटी चाटूनपुसून खायची. एकीनं सोऱ्या दाबायचा, दुसरीनं सासूची उणीदुणी काढायची. सासू शेजारी बसलेली असली तरी काढायची. संध्याकाळी निमोणे गावाकडची खरबुजं चिरायची. काय पाहिजे अजून माणसाला!

हे सुख मावशींना मात्र उशिरा मिळालं. मावशी बौद्ध, आणि माझ्या आजेसासूला विटाळाचं भारी वेड. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी या डोळ्यांनी बघितलंय. मावशी सासूबाईंना हाक मारायला वर यायच्या आणि गच्चीच्या दाराशीच उभ्या राहायच्या. आत पाऊल नाही. म्हातारी चिकाची वाटी दाराशी नेऊन ठेवायची, मावशी ती उचलून खाली जायच्या. माझं डोकं फिरायचं, पण नव्या नवरीचं कोण ऐकतंय? म्हातारी गेली आणि पुढच्याच उन्हाळ्यात माझ्या सासूबाईंनी, साळूबाईंनी, दाराशी उभ्या असलेल्या मावशींचा हात धरून त्यांना आत ओढलं. हातात पळी दिली. "आमच्या कुरडया दरसाल खारट व्हत्यात. तू चाख गं चांगुणे." खारट बिरट काही होत नव्हत्या. पण त्या दिवसापासून ती पळी मावशींची झाली, आणि हळूहळू गल्लीतल्या सगळ्या गच्च्या मावशींच्या झाल्या.

गेल्या वर्षी मावशींच्या गालात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक दिले. वाळून काडी झाल्या, पण आल्या परत. आम्ही पेढे वाटले. यंदा उन्हाळा लागायला त्यांची सून करुणा माझ्याकडं आली आणि ओट्याला टेकून उभीच राहिली.

"अनिताताई, आईंच्या जिभेची चव गेलीया."

"म्हणजे?"

"शेकानं गेली. परवा घाईत त्यांच्या च्यात साखरेऐवजी मीठ पडलं माझ्याकडनं. त्यांनी पिऊन टाकला. वर म्हणल्या, बेस झालाय."

"अगं बाई! त्यांना ठाऊक आहे का?"

"ठाऊक हाय की! लपवत्यात. काल मी लवकर घरी आले, तर एकट्याच डबे उघडून बसलेल्या. मीठ, साखर, चिंच, एकेक जिभंवर ठेवून बघत व्हत्या. मला बघितलं आन् डबे पुसायला लागल्या." करुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टर म्हणत्यात, येईल न्हाईतर न्हाई बी यायची. ताई, कुरडयांना त्यांना बोलवा मात्र. न्हाई बोलावलं तर त्या खचतील."

"बोलवणार नाही तर काय! मिठाचं मी बघते," मी म्हणाले. मोठी शहाणी ना मी.

आमच्या कुरडयांच्या दिवशी आधण तापायला ठेवलं आणि कुणी बघत नाही असं पाहून मी आधीच मीठ टाकलं. बेताचं, नीट. मावशींनी नुसतं 'बास' म्हणायचं बाकी राहील, असा माझा हिशोब. मग हिंग आणायला खाली गेले. येऊन हाक मारली.

मावशी आल्या. ठेवणीतली साडी, केस चापूनचोपून बसवलेले. पळी घेतली, फुंकर मारली, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. यंदा जरा जास्तच वेळ मिटले. मग उघडून आमच्या तोंडांकडं बघायला लागल्या. मी हसले. सासूबाईंनी मान डोलावली. करुणानंही डोलावली.

"बास," मावशी म्हणाल्या. "ओता चीक."

चीक शिजला. पहिली वाटी रिवाजाप्रमाणं मावशींची, मग आमच्या. मी घास तोंडात घातला आणि आई गं! मीठ म्हणजे काय मीठ! वर बघते तर सासूबाई माझ्याकडं बघतायत, करुणा मान खाली घालून बसलीय. तेव्हा उजेड पडला. करुणा सासूबाईंशीही बोलली होती. मी खाली गेले तेव्हा सासूबाईंनी मिठाची मूठ सोडली आणि सासूबाईंची पाठ वळल्यावर, कुणी विसरायला नको म्हणून, करुणानं सोडली.

आता थुंकणार कशा? मावशी समोर. तिघींनी गिळला.

"मस्त झालाय," मी म्हणाले.

"येकदम बेस," सासूबाईंना ठसका लागला.

मावशी सावकाश खात होत्या. दोन घास, तीन घास. मग त्यांनी एकदम गाल दाबून धरला. शेकाच्या जखमा आतून अजून भरल्या नव्हत्या, मीठ झोंबलं. त्यांनी वाटीत बघितलं. आमच्या तिघींच्या वाट्यांत बघितलं. आम्ही शहाण्या पोरींसारख्या खातच होतो.

"किती जणींनी घातलं गं मीठ?"



"मी आपली मूठभरच..." सासूबाई पुटपुटल्या.

"मी बी," करुणा म्हणाली. माझं सांगायची गरजच नव्हती.

वाटलं, मावशी आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या हसल्या. "येड्या हायेत तिघी! येवढ्या गव्हाचं वाटोळं केलं." आम्हीही हसलो, जरा जास्तच. मग मावशींनी पळी विसळली, पदरानं कोरडी केली आणि सासूबाईंच्या हातात दिली.

"घे. आता तुझी तू चाख."

"आसं काय करती गं? व्हईल की तोंड बरं."

"व्हईल तवा व्हईल."

रागावून गेल्या असं कुणी म्हणू नये म्हणून ऊन चढेपर्यंत थांबल्या. कुरडया घातल्या, साडीची टोकं दगडांनी दाबली, मगच उतरल्या.

चार दिवसांनी करिश्माच्या कुरडया होत्या. ती आमच्या तळमजल्यावरची भाडेकरीण, बिहारकडची, यंदा पहिल्यांदाच शिकत होती. आधण उकळलं आणि सवयीनं मी ओरडले, "मावशी, आधण आलं!" लगेच जीभ चावली. कुणी वर आलं नाही. सासूबाईंनी चाखलं, मी चाखलं, दोघींचं एकमत होईना, शेवटी अंदाजानं ओतला चीक.

चीक शिजत आला तेव्हा जिन्यात चपला वाजल्या. करिश्मानं मागितलेला पितळी सोऱ्या घेऊन मावशी आल्या होत्या. माझा जीव भांड्यात पडला. पण मावशी दाराशीच थांबल्या. तिथंच, आजेसासूच्या वेळी थांबायच्या अगदी तिथंच. हात लांब करून सोऱ्या पुढं केला.

"मावशी, आत या की!"

"नगं. हितंच बरी हाय. माझं काय काम आत?"

सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. दाराशी गेल्या, मावशींचा हात धरला आणि ओढला. मावशी हलल्या नाहीत.

"चांगुणे, चल म्हणते ना!"

"साळू, तवा तुझी सासू आडवी व्हती," मावशींनी हळूच हात सोडवून घेतला. "आता कोण हाय, सांग बरं."

म्हातारीवर निदान मनातल्या मनात चिडता तरी यायचं. आता मी, गल्लीभर जिचं तोंड चालतं ती मी, चिडू कुणावर?

करिश्माला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं हौसेनं वाटीभर चीक घेतला, वर तेल सोडलं आणि दाराशी नेला. "लो मौसी, गरम गरम."

मावशींनी वाटी घेतली आणि जिना उतरून खाली गेल्या.