उलट्या शिवणीचं झबलं

दोन खोल्यांच्या मधल्या तारेवर आईचा कंपनीतला निळा एप्रन, माझा शाळेचा फ्रॉक आणि त्या दोघांच्या मधोमध, दोन चिमट्यांना लटकलेलं, वीतभर लांबीचं एक झबलं... माघातल्या कोवळ्या उन्हात ते वाळत असायचं आणि जवळ गेलं की त्याला कडुलिंबाच्या पाल्याचा, उकळत्या पाण्याचा आणि — का कोण जाणे — सायीचा वास यायचा. नीट पाहिलं तर ते उलटं वाटे. शिवणी बाहेर, दोऱ्यांची टोकं बाहेर, दुमडलेली कोर बाहेर. नवा माणूस हमखास सांगायचा, "अहो, उलटं वाळत घातलंत ते!" आणि माझे वडील, अप्पा, मशीनवरून मान वर न करता लातूरकडच्या हेलात उत्तर द्यायचे, "उलटं नाही वो, सुलटंच हाय. शिवण आपल्याला दिसली तर काय बिघडायलंय? लेकराला टोचू नये म्हंजे झालं."

आम्ही पुण्याजवळ मोशीत राहायचो. मालकांची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली होती. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याच्या दहा खोल्या बांधल्या होत्या आणि त्या दहांत लातूर, जळगाव, सातारा असे जिल्हेच्या जिल्हे दाटीवाटीने नांदत होते. मधल्या भिंती इतक्या पातळ की शेजारी फोडणी पडली की ठसका आम्हाला लागायचा. अप्पा आधी एका प्रेस शॉपमध्ये, लोखंडी पत्रे दाबून सुटे भाग करायच्या कामावर होते. मी पाच वर्षांची असताना तिथल्या यंत्राने त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नेलं, आणि त्यानंतर यंत्राचा नुसता धडधडाट कानावर आला तरी त्यांचं अंग घामाने भिजे. मग आई चाकणला वायरिंगच्या लाइनवर लागली. सकाळी कोपऱ्यावर कंपनीची बस यायची, आई पदर सावरत धावायची, आणि घर अप्पांच्या हाती उरायचं. माझ्या वेण्या, भाकरी, भांडी, शाळेचा डबा... सगळं त्या तीन बोटांच्या हाताने. "बायको कंपनीत आन् बाप्या चुलीपाशी," असं नळावर चालायचं. लोकांच्या जिभेला हाड नसतं, हे मी नळावरच शिकले.

पायाने चालवायचं जुनं शिवणयंत्र अप्पांनी घरात आणलं ते बहुधा त्या बोलण्यापासून लपायला. त्यांचे चुलते गावात शिंपीकाम करायचे, लहानपणी त्यांच्याकडे ते काजं-बटणं करायला बसत; ती कला हातात कुठेतरी झोपून राहिली होती. पण अप्पांनी कधी शिलाईची पाटी लावली नाही. घर आईच्या पगारावर चालायचं, शिवणं अप्पांच्या जिवासाठी होतं. खोल्यांमध्ये कुणाला दिवस गेले की सातव्या महिन्यापासून त्यांचं काम सुरू व्हायचं — दोन झबली, कानटोपडं, दुपटं, त्रिकोणी लंगोट, असा अख्खा बाळंतविडा. पिंपरी कॅम्पातून बोटभर रुंदीची लेस आणायची, ती दुपट्याच्या कडेला लावायची, आणि मग पूर्ण झालेली घडी मांडीवर ठेवून नुसतं तिच्याकडे बघत बसायचं. कुणी मोल विचारलं तर ते खरोखर रागावत. "लेकराच्या पहिल्या कापडाचे पैसे घेत नसतेत," एवढंच म्हणत. त्या क्षणी माझे अप्पा मला खोल्यांमधल्या सगळ्या बाप्यांपेक्षा उंच वाटायचे.

पहिल्या झबल्याचा मात्र एक नेम होता. ते नव्या कापडाचं चालत नसे. जुन्या, अंगावर वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचं हवं, आणि तेही भरपूर आयुष्य पाहिलेल्या जित्या माणसाच्या अंगावरचं — म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागतं. असं माणूस आमच्याकडे एकच होतं : मालकांची नव्वदीची आई, काशीआजी. समोरच्या बंगल्याच्या ओट्यावर ती दिवसभर ऊन खात बसलेली असे. अप्पांनी लुगडं मागितलं की विचारायची, "कुणाचं प्वार हाय ह्या येळंला?" आणि आतून एखादं विटकं नऊवारी आणून द्यायची. आमच्या दहा खोल्यांतली सगळी पोरं काशीआजीचं लुगडं नेसून जगात आली, असं अप्पा हसून सांगत.

शेजारच्या खोलीतल्या सुनीताकाकूंना लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस राहिले. मी नऊ वर्षांची होते. शाळेतून आल्यावर माझं निम्मं खाणं त्यांच्याकडेच व्हायचं. "मनू, हात ठेव बरं, लाथ मारतंय," म्हणून त्या माझा हात पोटावर ओढून घ्यायच्या. अप्पा तर त्या बाळंतविड्यासाठी नुसते वेडे झाले होते. दुपट्यावर त्यांनी रंगीत दोऱ्याने चिमण्या काढल्या — सात चिमण्या, त्यातली एक जरा वाकडी. सगळं तयार झालं, राहिलं फक्त पहिलं झबलं. एका रविवारी सकाळी ते मला म्हणाले, "मनू, जा, काशीआजीकडून लुगडं घेऊन ये."

बंगल्याच्या फाटकाशी एक तांबडा कुत्रा बांधलेला असे. त्या दिवशी तो मोकळा होता. मी फाटकाला हात लावला आणि तो अंगावर आला. मी जी पळाले ती थेट कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशी. तिथे सावलीला एक बोहारीण बसली होती, समोर स्टीलच्या भांड्यांची पाटी आणि बाजूला जुन्या कपड्यांचं हे एवढं गाठोडं. गाठोड्यातून एका लुगड्याचं टोक बाहेर आलं होतं. मी हात लावला. मऊ होतं, अगदी काशीआजीच्या लुगड्यासारखं. परत जाऊन कुत्र्याला भ्याले म्हणायची लाज वाटली, एवढंच काय ते कारण. मी अंगातला स्वेटर काढून बोहारणीला दिला आणि ते लुगडं मागितलं. "कशाला गं पायजे?" तिने विचारलं. "बाहुलीला," मी म्हणाले.

घरी आल्यावर अप्पांनी कापड हातात घेतलं, अंगठा आणि बोटांच्या मध्ये धरून सावकाश चोळलं... थांबले. "आजीनंच दिलं ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, म्हणतात. मी वर हेही सांगितलं की आजीने विचारलं, कुणाचं प्वार हाय. अप्पांनी मान हलवली. एरवी ते कापड कडुलिंब घालून एकदा उकळत, त्या वेळी दोनदा उकळलं. दोन दिवस उन्हात ठेवलं, मग कातरलं. स्वेटर शाळेत हरवला असं सांगितल्यावर आईने मला धपाटा घातला तो वेगळाच.

बाळ सातव्या महिन्याच्या शेवटी झालं. मुलगा. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात ते काचेच्या पेटीत होतं, आणि पुढे त्याला घरी आणलं तेव्हा काकूंच्या सासूने पहिलं झबलं घातलं ते अप्पांच्या हातचं. मला बघायला बोलावलं होतं. शिवणी बाहेर असलेल्या त्या झबल्यातून त्याची छाती भराभर वरखाली होताना दिसत होती. चौथ्या दिवशी ताप आला, पुन्हा दवाखाना झाला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका रिकाम्या हाताने रिक्षातून उतरले. कमी दिवसांचं होतं, फुप्फुसं भरलीच नव्हती, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण दुःखात डॉक्टरांचं कोण ऐकतं?

सासूने काशीआजीला जाऊन विचारलं. आजी बिचारी सरळ बाई, तिने जे होतं ते सांगितलं : "म्या कुटं दिलं बया? माज्याकडं कुनी आलंच न्हाई." झालं... दहा खोल्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. लुगडं आलं कुठून, हा एकच प्रश्न. जुन्या बाजारात काय, बोहारणीकडे काय, मेलेल्या माणसांचे कपडे जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी मशीनमागे उभी होते, तिच्या चाकावर हात ठेवून. अप्पांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी बोहारणीचं नाव काढलं असतं तर फार तर मला चार धपाटे बसले असते, पोरबुद्धी म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. मी गप्प राहिले. मग अप्पा दाराकडे वळले आणि म्हणाले, "मीच आणलं व्हतं बाजारातून. चुकलं माझं."

"आरं, मढ्यावरचं फडकं घातलंस रं माज्या नातवाला!" सासूचा तो हंबरडा मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराच्या कडीला प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकवलेल्या दिसू लागल्या. एकीत दुपटं, एकीत टोपडं, एकीत लंगोटांची चळत. वर्षावर्षांपूर्वी दिलेली, ज्यांची बाळं आता बालवाडीत दंगा करत होती, त्यांनीसुद्धा आणून दिली. कुणी समोर येत नसे. सकाळी दार उघडलं की पिशवी दारासोबत आत यायची. अप्पा ती कडीवरून काढायचे, आतलं कापड झटकून घडी करायचे आणि पेटीत ठेवायचे. मी शाळेला जाताना आणि येताना आधी कडीकडे बघायची. आई कामावरून आली की ओरडायची, "तुम्हाला अवदसा आठवली का हो? आजीचं मागायला काय झालं होतं?" आणि अप्पा तिलाही तेच सांगायचे, चुकलं माझं. बोलणं आता दररोज अधिक अवघड होत होतं. पहिल्या दिवशी न बोललेली मी दहाव्या दिवशी काय बोलणार होते! एकट्या सुनीताकाकूंनी काही परत केलं नाही. महिन्याभरात त्यांनी खोली सोडली. टेम्पोत बसण्याआधी त्या माझ्याजवळ आल्या, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नीट राहा गं बाळा." इतकी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

अप्पांनी मशीनवर चादर टाकली. पुढे तिच्यावर टीव्ही आला, आणि आम्ही चिखलीला फ्लॅटमध्ये गेलो तेव्हा ती भंगारात गेली. स्वयंपाक, भांडी, माझे डबे — सगळं ते पूर्वीसारखं करत राहिले. फक्त सुई हातात घेतली नाही. शर्टाचं बटण तुटलं तर तो शर्ट तसाच घालायचे. मी शिकले, हिंजवडीला नोकरीला लागले, लग्न झालं, आणि ती गोष्ट माझ्या घशात होती तिथेच होती.

गेल्या वर्षी मला दिवस राहिले. सातव्या महिन्यात माहेरी आले तेव्हा एका दुपारी, अप्पा लसूण सोलत बसले असताना, मी सगळं सांगून टाकलं... कुत्रा, टाकी, बोहारीण, स्वेटर. सांगता सांगता मी नऊ वर्षांची असल्यासारखी रडले. अप्पांचा हात थांबला नाही. पाकळी वाटीत टाकून ते म्हणाले, "ठाऊक व्हतं गं. हात लावल्याबरोबर कळलं. आजीचं लुगडं निराळं असायचं."

"मग शिवलंत कशाला?"

"तू म्हणालीस ना, आजीनं दिलं म्हणून."

एवढंच. रागाचा सूर असता तर मला धरायला काही मिळालं असतं. मी धीर करून म्हटलं, अप्पा, माझ्या बाळाला एक शिवा... एकच. ते उठले, लसणाची सालं गोळा केली आणि म्हणाले, "दुकानात ब्येस मिळायलेत आता."

मुलगी झाली. अप्पा दवाखान्यात आले ते खोक्यात बंद केलेले तयार कपडे घेऊन. आत पांढरं झबलं, मानेशी लेबल, शिवणी आतल्या बाजूला. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी तिला आंघोळ घातली तेव्हा तिच्या बरगडीवर शिवणीची एक बारीक लाल रेघ उमटलेली दिसली. मी झबलं उलटं केलं, शिवण बाहेर घेतली आणि तसंच तिच्या अंगात घातलं. अप्पा दारात उभे होते. क्षणभर मला वाटलं, आता ते हसतील.

ते घाईघाईने पुढे आले. "उलटं घातलंस की गं," म्हणाले, आणि त्या तीन बोटांच्या हाताने, तिची मान दुसऱ्या तळव्यावर तोलून, त्यांनी ते झबलं काढलं, सुलटं केलं आणि शिवण तिच्या अंगाकडे करून पुन्हा तिला घातलं.