दुसरा भोंगा
आमच्या शॉमबर्ग गावात महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी सायरनची टेस्ट होते, आणि तो आवाज चढायला लागला की मला अंधारात बसलेली आई दिसते. ती भारतातून पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती आणि तिला टाउनहाउसमध्ये एकटीला सोडून मी दिवसभर ऑफिसात असायचे. त्या मंगळवारी संध्याकाळी घरी आले तर सगळे पडदे ओढलेले, दिवे बंद, शेगडीवर अर्धवट शिजलेली गार आमटी, आणि आई जिन्याखालच्या कोपऱ्यात शाल गुंडाळून बसलेली. "अगं, अशी काय बसलीयस?" मी घाबरून विचारलं. "सकाळी भोंगा झाला ना. दुसरा अजून वाजला नाही," ती हळू आवाजात म्हणाली. एकाहत्तरच्या युद्धात, मुंबईत, शत्रूची विमानं येण्याची भीती असली की पहिला भोंगा व्हायचा. खिडक्यांना काळे कागद लावलेल्या खोलीत सगळे गप्प बसायचे, आणि धोका टळल्याचा दुसरा, लांबलचक भोंगा झाला की मगच उठायचे. "मग मला फोन तरी करायचास!" "स्क्रीनचा उजेड पडतो." मला हसूच आलं. म्हटलं, "आई, ही नुसती वादळाच्या सायरनची टेस्ट असते. एकदाच वाजवतात." ती पडदा सारत म्हणाली, "मग आता उठा म्हणून कोण सांगतं?" आता आई नाही, आणि मी घरूनच काम करते. आज भोंगा थांबल्यावर मीटिंग म्यूट केली आणि कितीतरी वेळ कान देऊन बसले.