आठ हजार एकावन्न फोडणारे अण्णा

मारुतीअण्णा कारखान्यात पाऊल टाकायच्या आधी फाटकाशी उभ्या ट्रकचा नंबर फोडायचे, म्हणजे त्याला कशानं भाग जातो ते बघायचे. "ही सतरानं जाते," असं स्वतःशीच म्हणाले की मग डबा ठेवायचे. जी संख्या कशानेच जायची नाही तिला ते 'हट्टी' म्हणायचे, आणि तशी सापडली की दिवसभर खुशीत असायचे. मूळचे निपाणीकडचे, शाळा नववीपर्यंत. पीण्या औद्योगिक वसाहतीत चाकांचे दाते कापण्यात तीस वर्षं गेलेली. मी पुण्याचा इंजिनिअर. गणितात पहिला आलेला, आणि ते कुणाला विसरू न देणारा.

एका गिऱ्हाइकाला असं यंत्र हवं होतं की मोटर बरोबर आठ हजार एकावन्न वेळा फिरली की शेवटचं चाक एकदा फिरावं. एकाचाही फरक चालणार नव्हता. अशा यंत्रात एक फेरी झाली की पुढचं चाक एका दात्यानं सरकतं. हा आकडा दोन लहान आकड्यांच्या गुणाकारात फुटला, तर तेवढ्या दात्यांची दोन चाकं पुरतात. नाही फुटला, तर आठ हजार एकावन्न दात्यांचं एकच अवाढव्य चाक. संगणकाला विचारलं असतं तर क्षणात कळलं असतं. पण मिजास! कागदावर एकेका मूळ संख्येनं भागत मी एकोणऐंशीपर्यंत आलो, कंटाळलो, आणि मालकांना कळवून टाकलं की संख्या अविभाज्य आहे, काम घेऊ नका.

अण्णांनी माझा कागद बघितला. "स्वल्प थांबा, साहेब. नव्वदचा वर्ग आठ हजार शंभर. त्यातून साताचा वर्ग काढला की ह्योच आकडा. म्हंजे त्र्याऐंशी गुणिले सत्त्याण्णव." मग हळूच म्हणाले, "वर्गमुळापर्यंत गेल्याबिगर कुणाला हट्टी म्हणू नये. उगंच आळ येतो बिचाऱ्यावर." एकोणऐंशीच्या पुढची मूळ संख्या त्र्याऐंशीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवा हिशेब बघून मालकांनी विचारलं, हे कुणी फोडलं? अण्णा शेजारीच हात पुसत उभे होते. मी म्हणालो, "मीच परत तपासलं." अण्णांनी वर बघितलं नाही.

पुढच्या महिन्यात नवं यंत्र आलं आणि एक माणूस कमी करायचं ठरलं. मालक मला म्हणाले, गणित तुम्ही करता, दाते यंत्र कापतं, मग अण्णांना ठेवायचं कशाला? तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर ते राहिले असते. अण्णा गेले.

महिनाभर मन खात राहिलं. शेवटी एका रविवारी, खरं काय ते सांगून माफी मागायचीच, असं ठरवून त्यांच्या घरी गेलो. अण्णांना दुसरं काम अजून मिळालं नव्हतं. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, खुर्ची पुढं केली आणि कौतुकानं म्हणाल्या, "त्यो आठ हजाराचा आकडा तुम्हीच फोडला न्हवं? हे सगळ्यांना सांगत असतात, आमचे साहेब लई हुशार म्हणून."

मी अण्णांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. लाज जणू त्यांनाच वाटत होती. "च्या घ्या, साहेब," एवढंच म्हणाले.

आणि मी निर्लज्जासारखी मान डोलावली आणि चहा घेतला.