आईचं नाव, जाड अक्षरात

मुलीच्या लग्नाची पत्रिका छापताना मी निम्म्या तंजावूरशी भांडले, आणि वेळ आली तर पुन्हा भांडेन. भांडण अक्षरांवरून झालं. मला जाड अक्षरं हवी होती, आणि त्या जाड अक्षरांत, बोलावणाऱ्यांच्या जागी, सगळ्यांत वर माझ्या आईचं नाव.

आमच्या घरची रीत अशी की पहिली पत्रिका देवापुढं नुसती ठेवायची नाही. घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसानं ती मराठीत मोठ्यानं वाचून देवाला ऐकवायची. आता आम्हा तंजावूरच्या मराठ्यांत देवनागरी वाचणारे उरलेत किती? बोलतो सगळे, निम्मी तमिळ मिसळून का होईना, पण वाचा म्हटलं की माना खाली. मी शिकले ती आईजवळ बसून. ती सरसर वाचायची. हल्ली तिची नजर गेल्यात जमा आहे. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर महिन्याचं नाव तेवढं तिला दिसतं, कारण ते जाड असतं. खालच्या बारीक ओळी म्हणजे तिच्या लेखी मुंग्या.

तसं ते जाड अक्षर मला पहिल्यापासून आवडतं. काना भरदार, वळणावर बारीक होणारं, टोकं बोरूनं काढल्यासारखी तिरकी. इंग्रजीतही त्याचा भाऊबंद आहे, पायाशी छोट्या पट्ट्या असलेला, दोन्ही पाय रोवून उभा राहणारा. कोर्टाच्या नोटिशीवर तो, जुन्या शाळेच्या कमानीवर तो, वकिलाच्या पितळी पाटीवर तोच. त्याच्यात लाडीगोडी नाही. काय सांगायचं ते सांगून मोकळा होतो.

जुन्या बसस्टँडमागच्या प्रेसमध्ये गेले. मालकाच्या कॉम्प्युटरवर देवनागरीचे दोनच टाइप होते, त्यातला जाडा मी निवडला. त्यानं तोंड वाकडं केलं. "अम्मा," तो तमिळमध्ये म्हणाला, "असलं जाड अक्षर आम्ही मयताच्या पोस्टरला वापरतो."

खोटं नव्हतं ते. आमच्या गावात कुणी गेलं की भिंतीभिंतीवर त्याचा फोटो लागतो आणि खाली काळ्याकुट्ट जाड अक्षरांत नाव.

"मेल्यावर माणसाचं नाव एवढं मोठं छापता," मी म्हटलं, "मग जिवंतपणी छापायला काय धाड भरलीय?"

त्यानं मजकूर वहीत उतरवून घेतला. मला वाटलं, पटलं. कसलं पटतंय! दोन दिवसांनी प्रूफ आलं तर अक्षरं काडीसारखी बारीक, आणि आईचं नाव वरून काढून खाली कोपऱ्यात, आशीर्वाद देणाऱ्यांच्या ओळीत. कारण आई विधवा. विधवेनं आशीर्वाद द्यावा, पण शुभकार्याला तिनं बोलवायचं नाही, हे आमच्याकडं मराठ्यांनाही ठाऊक आणि तमिळांनाही. "तुमच्या भल्यासाठीच केलं, अम्मा," प्रेसवाला म्हणाला, आणि मनापासून म्हणाला, त्याचाच मला जास्त संताप आला.

"माझं भलं मला कळतं! नाव वर घे आणि अक्षर होतं तसं कर." शाई काळी नको, कुंकवाच्या रंगाची घेऊ या, म्हणाला. तेवढं ऐकलं. जाडी मात्र केसभर कमी करू दिली नाही.

मग चेन्नईहून मुलीचा फोन. तिला प्रूफ पाठवलं होतं. "अम्मा, हे बसच्या पाटीसारखं दिसतंय! सगळे नाजूक सोनेरी अक्षरं घेतात. आणि आज्जीचं नाव असं वर बघून सासरचे काय म्हणतील?"

"बसची पाटी लांबून वाचता येते, बाळ. आणि आम्ही दोघं ऑफिसात असायचो तेव्हा तुझी वेणी कोण घालायचं? सासरचे?"

मग म्हणाली, "छाप."

पत्रिका आल्या त्या शुक्रवारी मुलगीही घरी आली होती. आई न्हाऊन देवापुढं बसली. पत्रिका नाकाला लागेल इतकी जवळ धरली आणि वाचायला लागली. कुलदैवताची ओळ झाली. मग एकदम थांबली. मेली ती कुंकवाची शाई! कशाला ऐकलं मी त्याचं? काळीच हवी होती, तिला दिसत नाहीये.

"आज्जी, अम्माला वाचू देतेस का?" मुलगी पुढं सरकली.

"गप गे. दिसतंय मला." आईचं बोट तिच्या नावावर होतं. ती माझ्याकडं वळली. "माझं नाव इथं कशाला गे?"

"तू बोलावणार म्हणून."

"आणि लोक?"

"लोकांना म्हणू दे काय ते. तू वाच."

तिनं पदर खांद्यावर नीट घेतला, घसा खाकरला आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात. आपलं नाव तिनं कुठंही न अडखळता म्हटलं. मग पत्रिका खाली केली आणि देवाकडं बघून म्हणाली, "ऐकलंस ना? मी बोलावतेय. यायलाच पाहिजे."