आबांची नाणी स्कॅन करताना

सासऱ्यांना, म्हणजे आबांना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी शिरवळच्या एका कारखान्यात नोकरीला होते. यंत्रांचे सुटे भाग तपासायचे, ओरखडा दिसला की बाजूला काढायचे, हे माझं काम. नवरा फौजेत, सीमेवर. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. नणंद सांगलीला, तिच्या संसारात. मेढ्याजवळच्या आमच्या गावी आबांपाशी कोण राहणार, हे कुणी विचारलंच नाही. मी पंधरा दिवसांची रजा टाकून आले. रजा संपली आणि पुढे नोकरीही संपली.

आबाही फौजेतूनच सुभेदार होऊन निवृत्त झालेले. डावं अंग लुळं पडलं होतं, जीभ जड झाली होती, पण उजवा हात आणि हट्ट दोन्ही शाबूत. जिथं बदली होईल तिथून त्यांनी जुनी नाणी जमवली होती. तांब्याच्या शिवराया, ढब्बू पैसे, राणीच्या छापाचे रुपये, सगळी मिळून तीनेकशे. आता मात्र नजर अधू झालेली. नाणं डोळ्याशी धरायचे आणि म्हणायचे, "कायबी दिसंना गं."

मोबाइलवर फोटो काढून दाखवायचा प्रयत्न केला. कधी चकाकी यायची, कधी माझ्याच हाताची सावली पडायची. मग घरातला जुना संगणक आणि स्कॅनर आठवले. नाणं काचेवर ठेवलं, झाकण उघडंच ठेवून वर काळं कापड टाकलं, आणि काचेखालून दिवा सरकत गेला. पडद्यावर शिवराई ताटाएवढी झाली. झिजलेली अक्षरंसुद्धा वाचता येत होती. आबा किती तरी वेळ बघत राहिले.

"लय भारी," ते म्हणाले. "समदी काढ. दोन्ही बाजूंनी."

मलाही बरं वाटलं. त्यांची अंघोळ, औषधं, मालिश, जेवण यांत दिवस जायचा. दुपारी वीज असली की स्कॅनर लावायचा. पण तो दिवा एकाच अंगाने उजेड टाकतो. नाणं जरा तिरपं ठेवलं की उठावाचा चेहरा खड्ड्यात गेल्यासारखा दिसायचा. आबा लगेच बोट दाखवायचे, "राणीचं नाक आत गेलंय. पुन्यांदा." मी नाणं फिरवून पुन्हा ठेवायचे. काचेवर ओरखडा पडू नये म्हणून हळू ठेवायचं आणि हळूच उचलायचं. दुकानापर्यंत जायचं म्हटलं तरी शेजारच्या काकूंना बसवून जावं लागे. दोन महिने झाले. राहिलेल्या नाण्यांचा डबा काही रिकामा होईना.

अशात कारखान्यातल्या माझ्या जुन्या साहेबांचा फोन आला. एक जागा रिकामी होती, सोमवारपर्यंत कळवायचं होतं. त्याच्या आत आबांशी बोलायचं, असं मी ठरवलं.

त्याच दुपारी हातात एक रुपया आला. त्याच्या कडेला झाळल्याचा डाग होता. कुणीतरी कधीतरी कडी लावून तो गळ्यात घातला असणार. असले डाग माझ्या डोळ्यांतून सुटत नाहीत. मी संगणकात मागे जाऊन शोधलं. तोच रुपया, तोच डाग, तीन आठवड्यांपूर्वीचा. मग एकेक चित्र शेजारी ठेवून पाहत गेले. चाळीसएक नाणी दोनदा निघाली होती, काही तर तीनदा.

झालेली नाणी मी आबांच्या उशाशी बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे आणि राहिलेली शेजारच्या पत्र्याच्या डब्यात. मी चुलीपाशी गेले की त्यांचा उजवा हात कामाला लागत होता.

"आवं आबा, ही नाणी परत का टाकली?"

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "संपलं की तू जाशील."

मला राग आला, आणि त्या रागाचीच लाज वाटली. मी स्कॅनर बंद केला.

रविवारी नवऱ्याशी बोलले. त्याला रजा मिळण्यासारखी नव्हती. नणंदेच्या मुलांच्या परीक्षा होत्या. गावात दिवसभरासाठी बाई मिळेना. सोमवारी साहेबांना फोन करून सांगितलं, जमणार नाही. फोन ठेवून वळले तर आबा जागेच होते.

"माझ्यामुळं गेली व्हय नोकरी?"

"व्हय, आबा."

त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "फोन लाव सांगलीला." जड जिभेने, पण जुन्या हुकमी आवाजात त्यांनी लेकीला सुनावलं, "म्हैन्यातलं आठ दिवस हितं हजर व्हायचं. बहाणा न्हाई पायजे." ती तिकडून काहीतरी सांगत होती. आबांनी फोन माझ्याकडे दिला.

त्यानंतर त्यांनी डब्यांना हात लावला नाही. उरलेली नाणी दोन आठवड्यांत संपली.

परीक्षा झाल्यावर नणंद आली. आठ दिवसांपुरती नोकरी कुणी देत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी घरातून बाहेर पडायचं म्हणून पहिल्याच सकाळी मी एसटीने साताऱ्याला गेले. स्टँडवरच्या बाकड्यावर बसले. फलाटाला एकेक गाडी लागत होती, पाट्या बदलत होत्या, शिरवळवरून जाणारी पुण्याची गाडीही येऊन गेली. कुठं जावं हे काही सुचेना. जेवणवेळेपर्यंत तशीच बसले. मग एक चहा घेतला, आबांच्या सदऱ्यासाठी बटणं घेतली आणि दुपारच्या गाडीने परत आले.

नणंद म्हणाली, "एवढ्यात आलीस?"

"काम झालं," मी म्हणाले.