राख कोणाची?

आमच्या सासूबाईंचा, मालूबाईंचा, कोणावर म्हणून विश्वास नाही. करंजाहून आलेल्या कोळणीची सुरमई कल्ले उघडून बघतील, हुंगतील, घासाघीस करून घेतील आणि ती गेल्यावर म्हणतील, "बर्फातली हाय." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात; या न पोळताच फुंकतात. सुनेने ऐकायचं तरी किती?

विचुंब्यात आम्ही घर बांधायला काढलं आणि माझ्या नवऱ्याने, प्रणितने, राखेचे ब्लॉक मागवले. भातगिरणीच्या बॉयलरखाली तूस जाळतात, त्याची राख सिमेंटमध्ये मिसळून केलेले. सासूबाईंनी एक ब्लॉक बादलीत बुडवून ठेवला, एक आपटून पाहिला. फुटला नाही. तरी संशय जाईना.

"राख कोनाची हाय?"

"तुसाची, आई," मी म्हटलं.

"तू बगलीस जालताना? मंग? मी त्या घरात पाय ठेवनार नाय."

माझं डोकंच फिरलं. भिंती छातीपर्यंत आल्या होत्या आणि आईशिवाय प्रणित गृहप्रवेश करणार नव्हता. पण तो चिडला नाही. तेव्हा मला आठवलं. सासरे कोरोनात गेले. शेवटचं तोंडसुद्धा कोणाला दिसलं नाही. हाती आलं ते फडक्याने बांधलेलं मडकं. ते पाण्यात सोडताना सासूबाईंनी विचारलं होतं, "ह्ये त्येच कशावरून?"

प्रणितने त्यांना गिरणीवर नेलं. मीही गेले. तिथल्या माणसाचं त्यांनी काही ऐकून घेतलं नाही. बॉयलरखाली काय टाकतात ते वाकून पाहिलं, राख बाहेर निघेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. मग गार राखेची मूठ उचलून तळहातावर पसरली. जळलेलं तूस अजून तुसासारखंच दिसत होतं, टोकासकट. फक्त रंग गेला होता.

"भाताचीच हाय," त्या म्हणाल्या.

मला हायसं वाटलं. आता हात झटकतील आणि गाडीत बसतील असं वाटलं, पण त्या तशाच उभ्या राहिल्या.

"बांध तुजं घर," त्या प्रणितला म्हणाल्या. "येते मी." मग तळहाताकडे बघत हळूच म्हणाल्या, "त्या मडक्यात पन मी हात घातला व्हता रं. मना कायच वळखू आलं नाय."